खंडेनवमीची रिंग

पाण्याइतकं लबाड दुसरं काही नाही, असं जोतीराम मिस्त्रींचं ठाम मत होतं. उद्यमनगरातल्या पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सीलं बसवली, म्हणजे तीस वर्षं पाण्याशी वैर केलं. रिटायर झाल्यावर माणूस वैर विसरतो. मिस्त्रीही कदाचित विसरले असते, पण त्यांच्या पुतण्यानं परदेशातून येताना पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर आणला आणि शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ते वैर पुन्हा ताजं झालं.

मशीन तसं साधं. एक दांडा, दांड्याच्या तळाला ताटलीएवढी चकती, वर हाताशी एक डबी. चकतीखाली धातू आला की डबी बोलायची. चकतीची वायर डबीला जिथं जोडली होती तिथं एक काळी रबरी रिंग होती, लहान पोरीच्या बांगडीपेक्षा बारीक. पाणी बाहेर ठेवायचं सगळं काम त्या रिंगचं. नदीत कुणाची नथ पडली, विहिरीत कुणाच्या किल्ल्या पडल्या की लोक मिस्त्रींना बोलवायचे. मिस्त्री पैसे घेत नसत. एक नारळ घेत आणि रिंगवर अर्धा तास बोलत. त्यापेक्षा पैसे घ्या म्हणणारेही काही निघायचे.

"केस," मिस्त्री बोट नाचवत सांगायचे. "नुसता एक केस अडकला रिंगखाली, की पाणी आत शिरलंच म्हणून समजा. त्याला काय दार लागत न्हाय."

त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना, हे व्याख्यान तोंडपाठ होतं. मिस्त्री घरात नसले की त्या शेजारणींना ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. मशीनला मात्र त्या कधी बोट लावत नसत. तो घरातला कायदा होता. मिस्त्रींनी एक वेळ नाकावर माशी बसू दिली असती, पण रिंगवर धूळ बसू दिली नसती.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन आला. रत्नागिरी रोडच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावर एक गाव आहे, तिथल्या विजयसिंहाचा. त्याच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या गळ्यातला टाक नदीत पडला होता.

"कसला टाक?" मिस्त्रींनी विचारलं.

"सवतीचा," विजयसिंह म्हणाला.

मिस्त्रींना पुढचं सांगावं लागलं नाही. पहिली बायको वारली आणि दुसरी आली, तर दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा ही आपल्याकडची रीत. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. पहिलीचा मान राहतो, दुसरीचा संसार सुखाचा होतो. विजयसिंहाची पहिली बायको शालन सहा वर्षांपूर्वी तापानं गेली. दुसरी आली ती वर्षाराणी. हिला आईबाप नव्हते, चुलत्याच्या दारात वाढलेली. शालनच्या आईनं, मलकापूरच्या हौसाबाईंनी, तो टाक स्वतः सोनाराकडून घडवून आणला, स्वतःच्या हातानं वर्षाराणीच्या गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, आजपासनं मलकापूर तुझं माहेर. आणि ते नुसतं बोलणं राहिलं नाही. हौसाबाई दर दसऱ्याला लेकीकडं यावं तशा यायच्या, वर्षाराणी दर दिवाळीला मलकापूरला जायची. एका मेलेल्या बाईच्या नावानं दोन जित्या बाया मायलेकी झाल्या होत्या.

मिस्त्री घाटावर पोचले तेव्हा पायऱ्यांवर निम्मं गाव जमलं होतं. वर्षाराणी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिशीची बाई, पण एका दिवसात सुकून गेलेली.

"मामा, हितंच," ती म्हणाली. "काल घट सोडाय आलो. वाकलो आणि दोरा तुटला. टाक पडताना मी बघितला की."

मिस्त्रींनी काठावर मशीन चालू करून स्वतःच्या किल्ल्यांवर चकती फिरवली. मशीन खणखणीत बोललं. मग ते पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात, डबी बुडेपर्यंत वाकून त्यांनी तीन तास घाटापुढचा तळ हात हात जागेनं विंचरला. मशीन एक शब्द बोललं नाही. पायरीवर हौसाबाई बसल्या होत्या, डोळे पाण्यावर लावून. सत्तरीची बारीक बाई, पदर घट्ट ओढलेला, हातात कापडी पिशवी.

शेवटी मिस्त्री बाहेर आले आणि जिथं दोन शब्दांत भागलं असतं तिथं त्यांनी सवयीनं चार जास्त वापरले.

"पाण्यात टाक न्हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चांदीचा कण असता तरी मशीन बोललं असतं. दुसरीकडं बघा, घरात बघा."

"पर मामा, मी डोळ्यानं बघितलाय पडताना."

"पोरी, डोळा फसतोय. मशीन फसत न्हाय."

मग मागून कुणीतरी बाई म्हणाली, अगदी हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढी हळू, "सवतीचा टाक टोचतोयच की गळ्याला."

वर्षाराणीचा चेहरा पांढराफटक पडला. हौसाबाईंनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि पायऱ्या चढून घराकडं निघून गेल्या. मिस्त्रींना जरा चमत्कारिक वाटलं. पण आपलं काम शोधायचं, सासर-माहेर निस्तरायचं नव्हे, असं स्वतःला बजावून त्यांनी नारळ घेतला आणि स्कूटरला किक मारली.

दुपारी जेवताना अंबूबाईंनी विचारलं, "काय गावलं आज?"

"काय न्हाय."

"नाणी तरी?"

मिस्त्री नदीवरून आले की खिसाभर नाणी घेऊन यायचे. पुलावरून, घाटावरून जाणारा माणूस गंगामाईला हात जोडून एक नाणं पाण्यात सोडतो, आणि पंचगंगेचा तळ म्हणजे चारपाच पिढ्यांची हुंडी. अंबूबाई ती नाणी चिंचेनं घासायच्या आणि जोतिबाच्या पेटीत नेऊन टाकायच्या.

"नाणी बी न्हाईत," मिस्त्री म्हणाले आणि घास हातातच राहिला.

तीन तास. गावाचा जुना घाट. एक नाणं नाही. खिळा नाही. सोड्याच्या बाटलीचं झाकण नाही. एवढी स्वच्छ नदी कोल्हापुरात कुठून आली? मशीन गप्प बसलं ते तळाशी काही नव्हतं म्हणून नाही. मशीनला ऐकूच येत नव्हतं. आणि हे तीन तासांत कळू नये? तीस वर्षं सीलं बसवलेल्या माणसाला?

ते जेवणावरून उठले. वायर डबीला आवळणारी आट्यांची चूड फिरवून काढली, तर आतून पाण्याचा थेंब घरंगळला. नखानं रिंग उचलली. रिंगवर एका जागी लाल डाग होता, आणि डागावर वाळून खडा झालेलं काहीतरी.

"अगं ए!" मिस्त्री एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. "मशीनला हात कुणी लावला?"

अंबूबाई खरकट्या हातानं आल्या, वाकून बघितलं. "कुंकू हाय ते."

"ते मला बी दिसतंय. लावलं कुणी?"

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा कोण करतंय ह्या घरात? मी?"

मिस्त्रींनी आपल्या बोटांकडं पाहिलं.

दर खंडेनवमीला जुनी रिंग टाकून ते नवी बसवायचे. हत्यारांचा विसाव्याचा दिवस, तोच त्यांचा दुरुस्तीचा. आधी रिंग, मग बादलीत बुडवून परीक्षा, मग हळदीकुंकू, असा क्रम. यंदा अंबूबाईंनी हाक मारली, निवद गार होतोय, आधी पूजा उरका. मिस्त्रींनी पूजा उरकली आणि कुंकवाच्या त्याच बोटांनी रिंग बसवली.

"हात धुवा म्हटलं हुतं मी," अंबूबाई म्हणाल्या. "तर काय म्हणालासा? मला शिकवू नगंस."

"आणि बादलीत..."

"बादली कुठली? पुरणपोळी खाऊन झोपलासा की."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी म्हण आहे. इथं पाषाण निदान कोरडा राहिला असता तर बरं झालं असतं. ओलं कुंकू रिंगवर वाळून त्याचा खडा झाला, तेवढ्या जागी रिंग टेकली नाही आणि तेवढ्या जागेतून पाणी आत गेलं. काठावर मशीन ठणठणीत होतं. पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांत सांधा ओला झाला आणि चकतीचं डबीला ऐकू येईना.

मशीन सुकलं असतं. पण आपण त्या पोरीला चारचौघांत खोटी पाडली, त्याचं काय? ती सांगत होती, डोळ्यानं बघितलाय. आणि आपण काय म्हणालो? मशीन फसत न्हाय. लाज वाटली त्यांना, कान तापेपर्यंत लाज वाटली. त्यांनी विजयसिंहाला फोन लावला.

"मशीन बिघडलतं," ते म्हणाले. "माझ्या चुकीनं. टाक तितं असंल. वर्षाला सांगा, सकाळी येतोय म्हणून."

"सांगतो. पर ती काल दुपारपासनं जेवली न्हाय, कुणाशी बोलत बी न्हाय. आणि सासूबाई पिशवी भरून बसल्यात. सकाळच्या एसटीनं मलकापूरला निघाल्यात."

"थांबवा की त्यास्नी."

"त्यास्नी थांबवणारा अजून जन्माला याचा हाय, मामा." विजयसिंह म्हणाला, "आणि हे मला फोनवर सांगून काय उपेग? सकाळी सगळ्यांच्या म्होरं बोललासा."

ते खरंच होतं. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. अंबूबाईंनी स्वच्छ टॉवेल पुढं केला.

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. सांधा स्पिरिटनं पुसून पंख्याखाली ठेवला आणि ऊन कलेपर्यंत हलवला नाही. रिंग बसते ती खाच मऊ ब्रशनं झाडली, सुती फडक्यानं पुसली, फडक्याचा धागा राहिला का ते भिंग लावून बघितलं. नवी रिंग दोन बोटांत हलकी ताणून चिरा तपासल्या. सिलिकॉन ग्रीसचा हात दिला, पण बेताचा. रिंग चमकावी, बरबटू नये. चूड पान्यानं न आवळता हातानंच आवळली, कारण जास्त आवळली की रबर चेपतं. आणि मग मशीन बंद ठेवून सांधा प्लास्टिकच्या बादलीत बुडवला. नेहमी पाव तास ठेवायचे. आज दोघं नवराबायको तासभर बादलीपुढं बसली, घरात पहिला टीव्ही आल्यावर बसली होती तशी. एक बुडबुडा आला नाही. काढून उघडलं, आत फडकं फिरवलं. फडकं कोरडं.

"आता ह्येच्यावर करा परीक्षा," अंबूबाई म्हणाल्या आणि कमरेचा चांदीचा छल्ला काढून बादलीत टाकला. मिस्त्रींनी चकती पाण्यात धरली. मशीन टणकन बोललं. अंबूबाईंनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, आणि मिस्त्रींनी, जे एरवी अशा वेळी काहीतरी वाकडं बोलत, त्यांनीही जोडले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते घाटावर होते. काल पाहणारे आजही आले होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो? वर्षाराणी कालच्याच जागी उभी होती. थोड्या वेळानं वरच्या वाटेनं हौसाबाई येताना दिसल्या, पिशवी काखेत, फाट्याकडं निघालेल्या. वाट घाटावरूनच जात होती.

मिस्त्री पायरीवर उभे राहिले. कारखान्यात युनियनच्या सभेतही ते कधी बोलले नव्हते.

"पावणं, जरा ऐका," ते म्हणाले. "मावशी, तुमी बी थांबा. काल मी म्हणालो पाण्यात टाक न्हाय. ते माझं बोलणं खोटं हुतं. मशीन बहिरं झालतं. पूजेचं कुंकू लागलेल्या हातानं मी रिंग बसवली, पाणी आत गेलं, आणि तपासायचा आळस केला. पोरगी खरं सांगत हुती का न्हाय, हे मशीनला कळणार कसं? आणि मला तर न्हाईच. काल कुणी हिला बोल लावला आसंल, तर तो माझ्यावर घ्या."

पाराजवळचा एक जण म्हणाला, "आणि आज बी न्हाय गावला तर?"

"तर न्हाय गावला," मिस्त्री म्हणाले. "पर म्हणून ही खोटी ठरत न्हाय."

हौसाबाई एक पायरी खाली आल्या आणि बसल्या. पिशवी मांडीवर.

मिस्त्री पाण्यात उतरले. चकती तळावर फिरवली आणि दुसऱ्याच फेरीला मशीन बोललं. चाळणीसारखं भोकाभोकाचं फावडं घालून काढलं तर पाच पैशांचं नाणं. मिस्त्रींना ते नाणं बघून जेवढा आनंद झाला तेवढा पाच पैशांनी कुणाला कधी झाला नसेल. मग एक रुपया. मग खिळा. मग झाकण, पुन्हा रुपया. मशीनला ऐकू येत होतं. नदी कालही गप्प नव्हती, ती बोलत होती, आपणच कानात बोटं घालून उभे होतो. प्रत्येक नाण्याला मिस्त्री सांध्याकडं बघत आणि पुढं सरकत.

तास झाला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मिस्त्रींनी मान वर करून पाहिलं. हौसाबाई उठल्या नव्हत्या.

शेवटच्या पायरीच्या कडेशी, वर्षाराणी दाखवत होती तिथून दोन-तीन हात अंतरावर, मशीन हलकं बोललं. नाण्यासारखं टणटणीत नाही. मिस्त्रींनी भोकाचं फावडं अलगद खुपसलं. वर आली ती काळी माती, मातीत घटाची खापरं आणि धान्याच्या पांढऱ्या मुळ्या. वर्षाराणीनं सोडलेला घट इथंच फुटून बसला होता, आणि त्याच्या मातीखाली झाकून राहिला होता तो टाक. पेराएवढा, काळवंडलेला, तुटक्या दोऱ्यासकट.

मिस्त्रींना तिथंच पाण्यात बसकण मारावीशी वाटली. छातीवरचं एवढं मोठं ओझं इतक्या छोट्या पत्र्यानं उतरावं याचं हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी टाक वर्षाराणीच्या तळहातावर ठेवला. घाटावर गलका झाला. काल टोमणा मारलेली बाई सगळ्यांत मोठ्यानं "गावला, गावला" ओरडत होती.

वर्षाराणीनं टाक पाण्यात खळबळला, पदरानं पुसला आणि पायऱ्या चढून हौसाबाईंपुढं उभी राहिली.

"आई, मी टाकला न्हवता."

"टाकलास असं मी कवा म्हटलं?" हौसाबाई म्हणाल्या.

"मग निघालीस कशाला?"

म्हातारी टाकाकडं बघत म्हणाली, "टाक गेला म्हंजे शालन गेली ह्या घरातनं. मग मी कोण लागती तुझी? कुठल्या नात्यानं बसायचं तुझ्या दारात? रातभर वाट बघितली, पोरगी म्हणंल, आई थांब. तू काय बोलली न्हाईस."

"मला वाटलं, तुला माझा संशय आलाय. कुठल्या तोंडानं थांब म्हणू?"

वर्षाराणी पायरीवर बसून ढसाढसा रडली, दोन दिवसांचं सगळं एकदम. हौसाबाईंनी तिला रडू दिलं. टाकाचा तुटका दोरा काढून पाण्यात फेकला. दुसरा दोरा शोधायला त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कनवटी चाचपली, मग मांडीवरच्या पिशवीच्या तोंडाची नाडी ओढून काढली. नाडीत टाक ओवला आणि वर्षाराणीच्या गळ्यात बांधून गाठ दोनदा आवळून बघितली. पिशवीचं तोंड उघडं पडलं. आतली चुरगाळलेली लुगडी, चिवड्याचा डबा, आपट्याची पानं बाहेर डोकावायला लागली.

"आता असली उघडी पिशवी घिऊन एसटीत बसू व्हय मी?" त्या म्हणाल्या. "ऊठ. घरला चल, आदी जेव."

वर्षाराणीनं ती उघडी पिशवी दोन्ही हातांनी उराशी धरली, आणि दोघी घराकडं चालायला लागल्या.